समोसा-जिलेबीचे बोर्ड आणि आपलं पोट: लठ्ठपणा खरंच ज्याचा त्याचा प्रश्न आहे का?

रिंगरोडवाला (धागाकर्ता)
जुलै २०२५ मधली ती बातमी आठवत असेल. आपल्या नागपूरच्या एम्सच्या कॅन्टीनमध्ये समोसा-जिलेबीत तेल किती, साखर किती ते सांगणारे बोर्ड लागणार, सिगरेटच्या पाकिटासारखा इशारा येणार वगैरे. दोन दिवस नुसता धुरळा. मग केंद्राने खुलासा केला की कुठल्याही दुकानदाराच्या पदार्थावर इशारा छापा असं आम्ही म्हटलंच नाही, ऑफिसांमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे बोर्ड लावा एवढाच सल्ला आहे. झालं, मीम्स फिरले आणि विषय संपला.

माझं म्हणणं, संपायला नको होता. ‘माझं पोट, माझा पैसा, तुम्हाला काय करायचंय’ हे ऐकायला बरं वाटतं पण बिल सगळ्यांत वाटलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे नाहीतर लठ्ठ निघाले, त्याच्या आधीच्या फेरीत हेच आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. शुगर, बीपी, फॅटी लिव्हर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं हे तर आहेच, वर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की तेरा प्रकारच्या कॅन्सरशी याचा संबंध आहे. घरातला कमावता माणूस पंचेचाळिशीत किडनीच्या दुखण्याने घरी बसला की प्लॉट कोणाचा विकल्या जातो, पोरीचं कॉलेज कोणाचं थांबतं? आणि सरकारी दवाखान्यात उपचार झाले तरी ते तुमच्या-माझ्याच पैशातून ना. म्हणून बोर्ड लावा, आणि कोल्ड्रिंकवर आहे तसा तगडा टॅक्स चिप्स-बिस्किटांवरही लावा. बोला आता.

तर्रीवाला_भाऊ
हो का बाप्पा. म्हणजे आता सकाळी सकाळी ठेल्यावर उभं राहून पोह्यावर तर्री सोडून घ्यायची, वरून कांदा, चिवडा, लिंबू, आणि पहिला घास घ्यायच्या आधी समोर बोर्ड वाचायचा का, ‘या प्लेटीत इतके चमचे तेल’? अरे तर्री लाल दिसून राहिली, वर तवंग तरंगून राहिला, ज्याला डोळे आहेत त्याला दिसतंच की तेल आहे म्हणून! सावजीत बसणाऱ्याला कोणी फसवून नेलं का तिथं? आमचा आजा हेच सगळं खाऊन ऐंशीच्या वर गेला, एक गोळी नव्हती त्याला. तुम्ही लोक आधी खाणं बंद कराल मग श्वास घ्यायवर टॅक्स लावाल.

डायटवाली_धरमपेठ
@तर्रीवाला_भाऊ आजोबा काय काम करायचे ते पण लिहा ना.

तर्रीवाला_भाऊ
एम्प्रेस मिलमध्ये होते, कापड गिरणीत. काऊन?

डायटवाली_धरमपेठ
काऊन म्हणजे काय, उत्तर तुम्हीच दिलंत. पूर्ण पाळी मशीनपाशी उभं राहून, आणि जाणं-येणं सायकलने नाहीतर पायी. तुम्ही तीच प्लेट खाता आणि गाडीवर बसून ऑफिसला जाऊन पुन्हा खुर्चीत बसता.

पण धागाकर्त्यालाही एक सांगायचंय. वजनकाटा बघून ‘मी तर बारीक आहे’ म्हणणारे माझ्याकडे जास्त येतात आणि रिपोर्ट त्यांचेच खराब असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मधला फोटो शोधून बघा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपली ठेवणच अशी आहे, हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटात, लिव्हरभोवती. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणा २५ बीएमआयपासूनच धरतात, गोऱ्यांसारखा ३० पासून नाही. काटा सोडा, शिंप्याचा टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुष ९० सेंटीमीटर, बाई ८०, त्याच्या वर गेलात तर तपासून घ्या. पॅन्ट पोटाच्या खाली घालून ‘कंबर ३४ च आहे’ म्हणणारे काका लोक यात धरलेले नाहीत 😄

मिहान_नाईटशिफ्ट
मला या सगळ्या चर्चेचाच कंटाळा आलाय खरं सांगू का. सगळे ताटाकडे बघतात, घड्याळाकडे कोणी बघत नाही. माझी शिफ्ट रात्रीची, सकाळी घरी येतो तेव्हा शेजारी मिक्सर सुरू असतो, गल्लीत भंगारवाला ओरडतो, झोप तुकड्यातुकड्यात, आणि झोप कमी झाली की भूक वाढवणारे हार्मोन वाढतात हे डायटवाली ताई सांगतीलच. रात्री दोनला ऑफिसच्या मशीनमध्ये काय मिळतं, चिप्स आणि कोल्ड्रिंक. तिथं कोण केळं ठेवणार आहे. ‘चालत जा’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात ४५ डिग्रीमध्ये मानेवाड्यापासून चालून दाखवावं, आणि फूटपाथवर चालायचं म्हटलं तर तिथं आधी गाड्या, मग विजेची डीपी, मग रसवंती, मग खड्डा. अंबाझरीला चकरा मारणारे दिसतात ते रिटायर्ड तरी असतात नाहीतर घर तरी जवळ असतं त्यांचं. बोर्ड लावून माझी शिफ्ट बदलणार आहे का?

तर्रीवाला_भाऊ
हा बोलला बरोबर 👏

इतवारी_किराणा
मी दुकानदार आहे म्हणून दुकानातलं बोलतो. टॅक्स टॅक्स म्हणून राहिले पण सप्टेंबर २०२५ मध्ये झालं उलटंच, गोड कोल्ड्रिंक ४० टक्क्यांत ठेवलं, आणि बिस्किट, नमकीन, चॉकलेट, आईस्क्रीम सगळं ५ टक्क्यांवर आणून ठेवलं. माझ्या काउंटरवर समोर काय लटकलेलं असतं माहीत आहे का, पाच रुपयाचे पुडे. सकाळी शाळेच्या वेळेला आई पोराच्या हातात पाचचा पुडा देते आणि कामाला पळते, कारण पाच रुपयात दुसरं येतंच काय? एक संत्रं नाही येत, आणि हे संत्र्याच्या गावात. दाण्याची मूठभर पुडी बांधून ठेवून पाहिली, कोणी घेत नाही, त्याला चमकणारा कागद नाही ना. म्हणून गरीब माणूस चूक करतो असं मला म्हणवत नाही. पण एक गोष्ट मी रोज बघतो ती म्हणजे तेल. पूर्वी लोक बरणी आणून अर्धा-पाऊण किलो न्यायचे, आता पाच लिटरची कॅन नाहीतर १५ किलोचा पिपा, आणि घरात पिपा असला की हात सैल सुटतो, हे माझ्याच घरी बघितलं.

रिंगरोडवाला (धागाकर्ता)
@इतवारी_किराणा हेच तर. देशात माणशी वर्षाला १९ किलोच्या वर तेल जातं असं नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आहे आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने पुरे होतात १२ किलो. चार माणसांच्या घराला महिन्याला चार किलो पुरे आणि सरासरी जातं साडेसहा, हॉटेलातलं धरून. आणि निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो, म्हणजे डॉलर देऊन चरबी विकत घेतो.

@मिहान_नाईटशिफ्ट तुमचं बरोबर आहे पण बोर्ड लावू नका हे त्यातून कसं निघालं? कंपनीला सांगा ना मशीनमध्ये फुटाणे ठेवायला. २५० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. चहात कोणी सहा चमचे टाकून दिली तर तुम्ही कप परत कराल.

नाव_नको
खूप वेळ वाचतेय, आता लिहितेच. सगळे शहाणे लठ्ठ माणसाबद्दल बोलून राहिले, लठ्ठ माणूस इथं कोण आहे? मी आहे. पीसीओएस, म्हणजे हार्मोनचा त्रास आहे, वजन कॉलेजपासून. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत वजनातला ४० ते ७० टक्के फरक आनुवंशिक असतो असं निघालंय, त्यामुळे ‘तोंड आवर’ हा सल्ला मला देऊ नका, तो मला मावशी, शेजारीण, रिक्षावाला, सगळ्यांनी देऊन झालाय. कान दुखतो म्हणून एका दवाखान्यात गेले तर आधी वजन किती ते विचारलं, कानात टॉर्च नंतर मारला! लग्नाच्या स्थळांमध्ये तर ‘मुलगी हेल्दी आहे’ असं दबक्या आवाजात सांगतात, जणू काही गुन्हा. आणि आता ऑफिसात बोर्ड लागला की कोण कोणाकडे बघून हसणार आहे ते मला आजच दिसतंय. समोसा तोच, पण बारीक माणसाने खाल्ला तर नाश्ता आणि मी खाल्ला तर कारण.

सामाजिक खर्च मोजायचाच असेल तर हाही मोजा. लाजेने जिमला न जाणाऱ्या, तपासणी टाळणाऱ्या किती बायका आहेत.

डायटवाली_धरमपेठ
@नाव_नको तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. लाज देऊन वजन कमी होत नाही, उलट वाढतं, हे माझ्यासमोर रोज घडतं. फक्त एक, आनुवंशिक म्हणजे अटळ असं नाही. जीन्स तीस-चाळीस वर्षांत बदलले नाहीत, आजूबाजूचं खाणं बदललं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस लोकांना एकाच ठिकाणी राहायला ठेवून प्रयोग केला, दोन आठवडे पाकीटबंद कारखान्यातलं खाणं आणि दोन आठवडे साधं, दोन्हीत साखर, फॅट, फायबर सारखंच वाढलेलं आणि लागेल तितकं खा म्हणून सांगितलेलं. पाकीटवाल्या आठवड्यांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, कोणी जबरदस्ती न करता. म्हणजे इच्छाशक्ती वगैरे नंतर, आधी पदार्थच असा बनवलेला असतो.

तर्रीवाला_भाऊ
मग झालं ना! पाकिटावर लावा बोर्ड, आमच्या पोह्याला काऊन हात लावता? पोहा काय कारखान्यात बनते का? आमचा ठेलेवाला पहाटे चारला उठून चणे शिजवते. बोर्ड लावतो म्हणता ते पण गरिबाच्याच समोशावर, मोठ्या कंपनीच्या पुड्याच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं तर चालते.

रिंगरोडवाला (धागाकर्ता)
पुड्याचं मान्य. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायलाच पाहिजे. पण तेल पोह्यातलं असो की पुड्यातलं, लिव्हरला पत्ता विचारता येत नाही. तुमच्या ठेलेवाल्याला तर्री अर्ध्या डावाने द्यायला सांगा, एवढंच.

मिहान_नाईटशिफ्ट
आता ती वजन कमी करायची इंजेक्शनं आली आहेत ना, मार्च २०२५ पासून मौंजारो मिळतंय. आमच्या ऑफिसात दोघं घेतात. विषय संपला.

डायटवाली_धरमपेठ
कसला संपला. आलं तेव्हा साडेतीन हजाराची कुपी, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे चौदा हजार, आणि डोस वाढला की त्याच्याही वर. याच जातीतल्या सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. ज्याला खरंच गरज आहे, शुगर आहे, त्याला वरदान आहे ते, नाही म्हणत नाही. पण डॉक्टरच्या देखरेखीत, ऑफिसातल्या मित्राच्या देखरेखीत नाही.

नाव_नको
चौदा हजार. माझा पगार सांगितला तर हसाल. म्हणजे श्रीमंताचा लठ्ठपणा ‘आजार’ आणि आमचा ‘आळस’, असंच ना?

इतवारी_किराणा
धागाकर्ते भाऊ, मी दुकानात पाटी लावून पाहतो, ‘चार माणसं, चार किलो तेल, महिनाभर’. बायको म्हणते गिऱ्हाईक पळेल. पळालं तर भरून कोण देणार ते आधी लिहून द्या.

तर्रीवाला_भाऊ
उरलेलं तेल आमच्या ठेल्यावर पाठवा काका, आम्ही आहोत 😂