'प्लिकारे': पोहोचलो की निघालो?

वहीवाली: स्पॅनिश 'येगार' म्हणजे पोहोचणे. रुमानियन 'प्लेका' म्हणजे निघणे. दोन्हींचं मूळ एकच, लॅटिन 'प्लिकारे', घडी घालणे. आमच्या स्पॅनिशच्या बाई सांगायच्या, बंदर आलं की खलाशी शिडं गुंडाळत, म्हणून पोहोचणे. ऑफिसातला रुमानियन सहकारी म्हणतो, सैनिक तंबू गुंडाळून कूच करत, म्हणून निघणे. मराठी टिपणात काय लिहू?

दर्यावर्दी: शिडांची गरजच नाही. जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी लॅटिनमध्ये 'आप्लिकारे' होतंच. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या यात्रेला गेलेली एगेरिया तर नुसतं 'प्लिकारे' वापरते, जवळ येऊन ठेपणे या अर्थी, आणि तेही शहरापाशी. तिथे कुठली शिडं?

गोंयकार: पोर्तुगीजमध्ये तेच 'शेगार'. आमचे आजोबा पानावर हात आडवा धरून "शेगा!" म्हणायचे, म्हणजे पुरे. सुरुवातीच्या 'प्ल'चा आजच्या स्पॅनिशात 'य' ऐकू येतो, पोर्तुगीजात 'श', इटालियनात 'पि'. रुमानियनने 'प्ल' जपला. 'भरलेला' बघा: येनो, शेइयु, पिएनो, प्लिन.

वहीवाली: आणि तंबू? निदान ते तरी राहू द्या!

शब्दवेडा: तंबू मला पटतात. रुमानियनमध्ये मान 'प्लेका' करणे म्हणजे आजही मान झुकवणे, तेव्हा मूळ अर्थ तिथे जिवंत आहे. आणि सामान गुंडाळणं म्हणजेच निघणं, हे मराठी माणसाला काय समजावायचं? आपण गाशा गुंडाळतोच की. गाशा म्हणजे खोगिरावरचं कापड, म्हणजे पुन्हा लष्करच.

शुद्धमती: आपलं तसं, म्हणून त्यांचं तसं, हा पुरावा नव्हे. शिवाय गाशा फारसीतून आलेला. टिपणात 'चंबूगबाळं आवरणे' लिहा, अस्सल मराठी.

गोंयकार: चंबू कुठला अस्सल? कानडीत 'चेंबु' आहे.

शुद्धमती: कानडी शेजारची आहे. शतकानुशतकांची देवघेव आणि दरबारी फारसी एका मापाने मोजू नका.

शब्दवेडा: घोड्यावर बसणाऱ्या मावळ्याला गाशा परका वाटला असेल? जो शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला तो मराठी. हेच माप लावलं तर स्पॅनिशमधून अरबी शब्द काढावे लागतील, मग साखरेला आणि तेलाला ते काय म्हणणार?

शुद्धमती: तेलाला लॅटिन 'ओलेउम'वरून आलेला 'ओलेओ' त्यांच्याकडे आहे. वापरत नाहीत, हा त्यांचा आळस.

दर्यावर्दी: ओलेओ चर्चमधल्या पवित्र तेलासाठी अजून वापरतात. भाजीच्या फोडणीला 'आसेइते'च. आणि वहीवाली, आमच्या मचव्यांवर शीड गुंडाळणे म्हणत नाहीत. शीड उतरवतात. टिपणात ते आधी सुधारा.