माहुली एका दिवसात : ऑक्टोबरचं ऊन, नवखे सोबती आणि पाण्याचा हिशोब

मानपाडा_रविवार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आसनगाव स्टेशनजवळच्या माहुली किल्ल्यावर जायचं ठरतंय. एकूण सातजण, पाच ठाण्यातले, दोन नेरुळचे. चौघांना डोंगराची सवय आहे, पण त्यातल्या एकाचं वय 54 आणि बीपीची गोळी चालू. दोघे अगदी नवखे. सातवी म्हणजे तेरा वर्षांची मुलगी, ती पोहायला नियमित जाते.

प्रश्न असे : ठाण्याहून किती वाजता निघावं? माणशी पाणी किती? वाटाड्या घ्यावा का? आणि मंडळी मागे पडायला लागली तर कुठून परत फिरायचं? सगळा प्रवास लोकलने.

---

सोंडवाट

आधी वेळेचं बघू, कारण माहुलीवर माणसं उंचीने थकत नाहीत, उशिरा निघाल्याने थकतात.

किल्ला सुमारे 2,800 फूट उंच. माहुली गावातून प्रत्यक्ष चढ 700 मीटरच्या आसपास पडतो आणि अंतर एका बाजूने चारेक किलोमीटर. नाइस्मिथचा जुना नियम सांगतो, पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे तुमचा हिशोब दोन तासांचा झाला. पण हा नियम थंड हवेतल्या तयार माणसासाठी आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात, नवखे सोबत असताना त्याची दीडपट धरा. तीन तास.

ऑक्टोबरच का वाईट? पाऊस गेलेला असतो, पण जमीन आणि गवत अजून ओलं. वारा पडलेला. पारा 35 च्या घरात. अशा दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने, गळल्याने नाही. त्यामुळे पाणी जातं, उष्णता तशीच राहते. वर गेल्यावर गार वाटेल या भरवशावरही राहू नका, 700 मीटरला जेमतेम चार अंशांचा फरक पडतो. शिवाय वाट किल्ल्याच्या पूर्वेकडच्या अंगाने चढते, म्हणजे सकाळचं ऊन थेट वाटेवर. सुरुवातीला जंगलाची सावली आहे, पण सोंडेवर (डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवर) आलात की झाडी विरळ होते. तो टप्पा नऊच्या आत मागे पडायला हवा.

म्हणून : पाचच्या सुमाराची लोकल, आसनगावला सव्वासहाच्या आसपास, सातला चालायला सुरुवात. सूर्योदय साडेसहाच्या पुढे आहे, तेव्हा टॉर्चची गरज नाही, तरी प्रत्येकाकडे असू द्या.

परत फिरायची जागा ठरवू नका, वेळ ठरवा. साडेदहा. जिथे असाल तिथून, माथ्याजवळची लोखंडी शिडी दहा मिनिटांवर दिसत असली तरी. दुसरी खूण पाण्याची : कुणाचंही अर्धं पाणी संपलं की सगळा गट वळतो. हे दोन्ही आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ठरवा. वर उभं राहून ठरवायला गेलात तर ज्याला त्रास होतोय तो बोलत नाही, आणि ज्याला होत नाही तो पुढे चालू लागतो.

पाणी : मोठ्यांना चार लिटर, मुलीला तीन. दमट उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. चार लिटर म्हणजे चार किलो, तेव्हा सॅकमध्ये बाकी फार काही भरू नका. एक बाटली तीन चतुर्थांश भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, काठोकाठ भरली तर फुगून फुटते. तहान लागेपर्यंत थांबू नका, वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या.

---

तुर्भे_लोकल

नेरुळच्या दोघांनी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येऊन कसारा किंवा आसनगाव लोकल पकडायची. पण पहाटे ट्रान्स-हार्बरवर गाड्या कमी. पहिली गाडी नेमकी किती वाजता ठाण्याला लागते ते शुक्रवारीच बघून ठेवा, जुळत नसेल तर शनिवारी रात्री ठाण्यात मुक्काम सोपा. कर्जतची लोकल चुकून पकडू नका, ती कल्याणनंतर वेगळी जाते. अर्ध्या झोपेत हे फार लोकांचं होतं.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद. जाताना अडचण येत नाही, येताना येते. आसनगावहून गाड्या मुळात विरळ, त्यात ब्लॉक असला की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. दोन लागोपाठच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या, एकीच्या भरवशावर राहू नका. जमलं तर शनिवारी जा, शिडीखालची रांगही टळेल.

स्टेशन ते माहुली गाव पाच-सहा किलोमीटर. सातजणांना दोन रिक्षा लागतील. हे अंतर चालत काढू नका, परतीला तर नाहीच, डांबरी रस्त्यावर भर दुपारी उरलासुरला जीव जातो. उतरताना रिक्षावाल्याचा नंबर घ्या आणि भाडं जाऊन-येऊन ठरवा. गावात परतीची रिक्षा उभी नसते.

पायथ्याला शंकराचं देऊळ आहे. सगळा परिसर तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचं शुल्क भरावं लागतं. सुटे पैसे ठेवा.

वाटाड्या : घ्या. चढाची वाट मळलेली आहे, ती एरवी सापडते. पण पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं, कारवीची झुडपं दाट असतात आणि माथ्यावर ढोरवाटा चहूकडे फुटतात. शिडी चढून वर आलेली माणसं नेमकी तिथे भरकटतात, कारण आता काय पोचलोच असं वाटतं. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा आणि वाटेचा ट्रॅक आधी उतरवून घ्या, रेंज वाटेत येते-जाते.

माहुली म्हणजे पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड. तुमच्या गटाने मधला माहुलीच करावा : पाण्याचं टाकं, देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या), महादरवाजा. शहाजीराजे 1636 मध्ये मुघल-आदिलशाही फौजांच्या वेढ्यात याच किल्ल्यावर होते, तेव्हा महादरवाजा नीट बघा, धावत फोटो काढून निघू नका. भंडारगड आणि कल्याण दरवाजा डोक्यातून काढा, त्यासाठी जाऊन येऊन दोन तास तरी वेगळे लागतात.

---

कोपरीचा_उतार

सोंडवाट यांच्या वेळा बरोबर आहेत, एक भर घालतो. दहाला वर पोचलात आणि लगेच उतरलात तर उतरण नेमकी अकरा ते एकच्या उन्हात येते. काही गट देवड्यांच्या सावलीत तीनपर्यंत थांबतात आणि सूर्य पलीकडे गेला की किल्ल्याच्या सावलीत उतरतात. थांबायला माणशी लिटरभर पाणी जास्त लागतं, आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे हाताशी तीनच तास. तुमच्याकडे दोन नवखे आहेत, उतरायला त्यांना अडीच तास लागतील.

शिवाय परतीच्या पावसाचे ढग ऑक्टोबरात दुपारनंतरच दाटतात. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माथा आणि लोखंडी शिडी, दोन्हींपासून लांब राहा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नका. तुमच्यासाठी लवकर उतरणंच योग्य.

आता मीठ. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. पायात गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. माणूस म्हणतो पाणी कमी पडलं आणि आणखी साधं पाणी पितो, मग प्रकरण बिघडतं. माणशी ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. 21 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायचं, अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत नको. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधल्या गोड 'एनर्जी' पेयांवर या कामासाठी विसंबू नका. खायला दशम्या, खारे दाणे, चिक्की, मोसंबी पुरे.

बीपीची गोळी : त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावंच. काही गोळ्यांनी लघवी वाढून शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं, काही नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे चढावर दम लवकर लागतो. त्या दिवसापुरती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

उष्माघाताची खूण म्हणजे बोलणं असंबद्ध होणं, झोकांड्या जाणं. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत जोरात वारा घाला. पिण्याचं पाणीही ओता, त्या क्षणी ते तिथेच कामाचं. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. 108 लावा. जवळचं मोठं सरकारी रुग्णालय शहापूरला.

सापही याच दिवसांत गवतात असतात. घोट्यावर येणारे बूट, पूर्ण पँट, पुढच्याकडे काठी. चावलाच तर आवळपट्टी नको, कापणं-चोखणं नको. पाय हलू न देता उचलून खाली आणा.

---

मानपाडा_रविवार

शनिवारच करतो. शिडीचं मुलीच्या आईला टेन्शन आहे. आणि वरच्या टाक्याचं पाणी चालतं का?

---

सोंडवाट

शिडी लोखंडी आणि पक्की बसवलेली आहे, पण तपासल्याशिवाय भार टाकू नका, पावसाळ्यात गंज वाढतो. एका वेळी एकच माणूस. खालचे शिडीच्या रेषेत उभे राहू नयेत, बाजूला थांबावं, कारण वरच्याच्या पायाने दगड सुटतात. हाताने आडवी पट्टी धरायची, कडेचा दांडा नाही, पाय घसरला तर दांड्यावरून हातही सरकतो. सॅकचे पट्टे घट्ट, हातात मोबाइल नाही. उतरताना तोंड शिडीकडेच. मुलीच्या आधी एक अनुभवी वर जाऊ दे, दुसरा खाली थांबू दे. दुपारी लोखंड तापतं, साधे सुती हातमोजे ठेवा.

शिडीपेक्षा मला काळजी उतरणीवरच्या मुरमाची आहे. सुक्या मातीवर बारीक खडे असतात आणि टाच आधी टेकली की पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवत. झिजलेल्या सोलचे जॉगिंगचे बूट असतील तर नवख्यांना आत्ताच बदलायला सांगा, आणि नवे बूट घेतले तर आधी आठवडाभर घरी-बाहेर वापरून घ्या.

टाक्याचं पाणी गाळून क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून, तेही अडचणीतच. हिशोबात धरू नका.

आणखी एक : कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर आणि आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड-मान कापडाने झाकून लगेच लांब जायचं, फक्त कड्याच्या दिशेने नाही. काटे नखाने खरवडून लगेच काढा.

---

तुर्भे_लोकल

शनिवार असेल तर सकाळी गाडीला चाकरमान्यांची उलटी गर्दी नसते, बसायला मिळेल. सॅक वर ठेवा, काठ्या दारात आडव्या येऊ देऊ नका. घरी एकाला सांगून ठेवा : दुपारी तीनपर्यंत गावात उतरल्याचा फोन आला नाही तर वाटाड्याला फोन कर. त्याचा नंबर निघण्याआधीच घरी देऊन ठेवा.