नाल्यापलीकडच्या शाळेत प्रकाशझोताने इंटरनेट नेता येईल काय?

खेड्यातला मास्तर: मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची) फायबर पोहोचली आहे. शाळा मात्र नाल्यापलीकडे साधारण 900 मीटरवर असून, तिथवर टाकलेली केबल रस्त्याच्या खोदकामात दोनदा तुटली. लाय-फायमध्ये दिव्याच्या उजेडातून डेटा जातो असे वाचले. पंचायतीच्या गच्चीवरून तसा झोत शाळेवर टाकता येईल काय?

जुना तारवाला: गुरुजी, संशोधक हॅराल्ड हास यांनी 2011 मध्ये जाहीरपणे दाखवलेले लाय-फाय हे खोलीतले काम आहे: एलईडी दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने कमी-जास्त होतो आणि समोरचा संवेदक तो बदल वाचतो. आपल्याला हवा आहे तो दोन दुर्बिणींमधला अवरक्त लेझरचा दुवा. काँगो नदीच्या दोन तीरांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांमध्ये गूगलच्या मूळ कंपनीतल्या ‘तारा’ प्रकल्पाने असा 4.8 किलोमीटरचा दुवा चालवला आहे, त्यामुळे आपला नाला त्याला जड नाही. अडचण खांबाची आहे. तो अंशाच्या दहाव्या भागाने कलला, तरी 900 मीटरवर झोत दीड मीटर बाजूला पडतो, आणि काळ्या मातीतला खांब पावसाळ्यात कलल्याशिवाय राहत नाही, हे आपण जाणताच.

वर्धेकाठचा: खांब काँक्रीटमध्ये बसवता येईल, हवेचे काय करणार? तुरीचा फुलोरा गाळणारी धुवारी (दाट धुके) पडते, तेव्हा तिचे सूक्ष्म थेंब प्रकाश असा विखुरतात की त्यापुढे मुसळधार पाऊसही परवडला. मे महिन्यात उलटी तऱ्हा: तापलेल्या वावरावरची हवा लहरते आणि झोत थरथरतो. ‘तारा’सारखी यंत्रे आरसे हलवून झोत सावरतात, पण ती शाळेच्या आवाक्यातली नाहीत. एवढ्या अंतराला 5 गिगाहर्ट्झच्या लहरीपट्ट्यावरची रेडिओ जोडी, म्हणजे समोरासमोर रोखलेले दोन बिनतारी अँटेना, पुरेशी आहे. तिला धुवारी बाधत नाही आणि या पट्ट्यासाठी परवानाही लागत नाही.

खेड्यातला मास्तर: आज गच्चीवर चढून पाहिले. शाळा दिसते, परंतु मध्ये देवळाचा पिंपळ आहे आणि तो छाटण्याचा विषयच काढता येणार नाही. रेडिओला पाने चालतात काय?

वर्धेकाठचा: नाही, ओली पाने तर मुळीच नाहीत. पंचायतीऐवजी गावच्या पाण्याच्या टाकीवरून शाळा मोकळी दिसते काय, ते पाहावे. तसे असेल तर पंचायतीपासून टाकीपर्यंतच केबल ओढावी लागेल.