लॉनमधले थॅच, एरेशन, स्कॅल्पिंग म्हणजे नक्की काय?

काठावरचा: दापोलीजवळ घरापुढे हरळीचं लॉन आहे, नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणतात ते. खाली जांभा, वर जेमतेम वीतभर भरावाची माती. पाऊस संपल्यापासून वरून हिरवं दिसतं पण पाय ठेवला की गादीसारखं दबतं, पाणी मुरतच नाही, उताराने थेट गडग्याकडे जातं, आणि मशीन मारली की मधे मधे पिवळे पट्टे. माळी म्हणतो युरिया टाका. व्हिडिओ बघितले तर थॅच, एरेशन, टॉपड्रेसिंग, स्कॅल्पिंग, कोणी समजेल असं सांगेल का?

हिरवळप्रेमी: युरिया आत्ता अजिबात नको! आधी खुरप्याने वीतभर चौकोन कापून उचला आणि कडेने बघा. वर हिरवी पात, खाली माती आणि दोन्हीच्या मधे तपकिरी गुंता दिसेल, मेलेली खोडं, मुळं, जमिनीलगत धावणाऱ्या फांद्या, तोच थॅच. अर्ध्या इंचापर्यंत चालतो, त्याहून जाड झाला की पाणी वरच अडतं आणि नवीन मुळं मातीत जायच्या ऐवजी त्याच्यातच वाढतात, मग जरा ऊन तापलं की गवत माना टाकतं. नत्र जास्त दिलं की हा थर अजून वाढतो. कापलेलं गवत पडून थॅच होतो असं लोक म्हणतात ते खरं नाही, पातीत बहुतेक पाणीच असतं, ती पटकन कुजते.

पिवळे पट्टे म्हणजे स्कॅल्पिंग. मशीनची चाकं त्या थरात रुततात, पातं खाली जातं आणि पात सगळी जाऊन खोडं उघडी पडतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. आपल्याकडे पावसात मशीन बंद असते, गवत गुडघ्याला लागतं आणि उघडीप मिळाली की एकदम बुडापासून कापतात, सगळं नुकसान तिथेच होतं.

जांभाघाटी: एरेशन म्हणजे मातीला भोकं पाडणं, पण पोकळ दात्यांनी, म्हणजे मातीच्या बोटभर कांड्या बाहेर येतात. खिळ्यांच्या चपला घालून चालल्याने माती नुसती बाजूला दाबली जाते. माती ओलसर असतानाच करा. नंतर चाळलेली नदीची वाळू आणि कुजलेलं शेणखत पाव इंच पसरा, हे टॉपड्रेसिंग, पात दिसत राहिली पाहिजे. किनाऱ्यावरची वाळू आणू नका, मीठ असतं.

काठावरचा: कापून बघितलं, थर चांगला बोटभर जाड आहे. दाताळ्याने ओढून काढला तर गवत मरेल का?

हिरवळप्रेमी: नाही मरणार, हरळी जमिनीखालूनही पसरते. मात्र थोडा थोडा काढा, एकदम खरवडू नका, आणि थंडी पडायच्या आत उरका म्हणजे भरून यायला वेळ मिळेल. जांभ्याची माती आंबट असते, त्यात थॅच कुजवणारे जीव मंदावतात, तेव्हा मातीपरीक्षण करून मगच चुना द्या. दापोलीतच आहात, कृषी विद्यापीठात विचारून बघा.