प्रति: १०८ मोफत असताना खर्च कसला?

'१०८ मोफत आहे, मग रुग्णवाहिकेच्या खर्चाची ओरड कशाला' हा मुद्दा अर्धाच पटतो. २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो, आणि तिने असंख्य जीव वाचवलेत, हे निर्विवाद. पण ती फक्त तातडीच्या वेळेसाठी. घरी परत कसं यायचं?

आमच्या बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा कुडाळहून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात १०८नेच नेलं, एक पैसा लागला नाही. ऑपरेशननंतर डिस्चार्ज मिळाला तेव्हा त्यांना बसताही येत नव्हतं. खासगी गाडीवाल्याने साडेपाच हजार घेतले, कारण रिकाम्या फेरीचं डिझेलही आपल्याच माथी. आईने पिशवीतून नोटा काढून दोनदा मोजल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. गाडीवाल्यालाही दोष देत नाही, डिझेल आणि विमा त्यालाही चुकत नाही. बाळंतिणीला सरकारच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरापर्यंत मोफत सोडतात. तीच सोय अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही द्या, निधी वाढवायचाच तर आधी इथे वाढवा.