मदत हवी आहे: फेणीला 'धोकादायक माल' ठरवलंय!

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमची काजू फेणीची छोटी भट्टी आहे. लिस्बनच्या एका ग्राहकाला नमुन्यादाखल 750 मिलीच्या 12 बाटल्या विमानाने पाठवायच्यात. कार्गो एजंट म्हणतो, यूएन 3065 (धोकादायक मालाच्या यादीतला अल्कोहोलिक पेयांचा क्रमांक), वर्ग 3, म्हणजे ज्वलनशील द्रव. धोकादायक मालाचं डिक्लेरेशन आणि लाल लेबल लागणारच. (दरही त्याच हिशेबाने, अर्थात!)

पण आयाटाच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांत 24 ते 70 टक्के अल्कोहोलच्या पेयाला, बाटली 5 लिटरपर्यंतची असेल तर, सूट आहे ना? आमची फेणी 42.8 टक्के. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या उताऱ्याची सौम्य दारू) असता तर प्रश्नच नव्हता, तो पंधराच्या आसपास.

गोव्याच्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून कुणी पाठवलीय का? एजंटाला नेमका कोणता कागद दाखवलात? आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून पॅकिंग कसं केलंत?