कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमधील नोट्स स्क्रीन रीडर वाचत नाही. नवे सॉफ्टवेअर घ्यावे का?

प्रश्न (इंदूर): माझ्या भाच्याची दृष्टी फार अधू आहे. तो हिंदी माध्यमातून बारावीचा इतिहास शिकतो आणि संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे तो मी वाचतो त्याहून वेगाने ऐकतो. परंतु शिकवणीतून आलेली पीडीएफ उघडली, की ‘भारत’ या शब्दाच्या जागी ‘एच, के, के, जे, आर’ असे काहीतरी ऐकू येते आणि काही पानांवर तर यंत्र मौनच धरते. दुकानदार महागडे सॉफ्टवेअर सुचवतो आहे. घ्यावे का?

उत्तर १: मुळीच घेऊ नये, कारण दोष वाचणाऱ्याचा नसून मजकुराचा आहे. कृतिदेवमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर ती प्रामाणिकपणे उच्चारतो. तो मजकूर परिवर्तकातून (कन्व्हर्टर) युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या प्रमाण संकेतात, आणावा. मौन धरणारी पाने बहुधा स्कॅन केलेली, म्हणजे नुसती छायाचित्रे असावीत. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली, तर ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने, मजकूर हाती लागतो.

उत्तर २ (ग्वाल्हेर): वरील सल्ला योग्य आहे, पण रूपांतरानंतर कोणीतरी डोळस माणसाने एकवार नजर फिरवावी. रफार हमखास सरकतो: ‘धर्म’चे ‘धमर्’ होते आणि ऐकणाऱ्याचा वाक्याशी असलेला धागा तिथेच तुटतो. मी स्वतः दृष्टिहीन असून अशा फायलींवर वर्षे काढली आहेत. रूपांतराच्या खटाटोपाआधी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक उपलब्ध आहे का, हे पाहावे. प्रताधिकाराची भीती बाळगू नये. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रत तयार करण्यास कायद्यानेच मुभा दिली आहे.

प्रश्नकर्ता: आपणा दोघांचे आभार. काल रात्री १८५७ चे प्रकरण रूपांतरित केले. ‘वर्ष’चे ‘वषर्’ झालेले मी सतरा ठिकाणी दुरुस्त केले, आणि अठरावे भाच्याने ऐकून पकडले. आता शिकवणीच्या सरांकडे छापील पीडीएफऐवजी मूळ वर्ड फाइल मागितली आहे. तीही कृतिदेवमध्येच असणार, पण निदान ओसीआरचा फेरा तरी वाचेल.